कमी बोलणारी अनाबेला

दिग्दर्शक मार्सेल कार्नेचा ‘ओतेल द्यू नोर’ हा चित्रपट डिसेंबर १९३८ मध्ये पॅरिसला लागला, तेव्हा नामावळीत पहिलं नाव अनाबेला या फ्रेंच नटीचं होतं. चित्रपट जुळवला गेला तोच मुळी तिच्यासाठी. आज मात्र त्याचं नाव काढलं की फ्रेंच माणूस त्यातल्या दुसऱ्या नटीची, आर्लेत्तीची, नक्कल करून दाखवतो. कालव्यावरच्या पुलावर नट लुई जुवेच्या अंगावर ‘आत्मोस्फेर’ (वातावरण) हा एक शब्द फेकणारी आर्लेत्ती. अनाबेला त्यात होती, याची आठवण करून द्यावी लागते.

खापर बहुतेक वेळा अनाबेलावरच फुटतं. दिसायला गोड पण फिकी, चेहरा आहे पण दम नाही, असं म्हणून विषय मिटवतात. हा निवाडा मला उरफाटा वाटतो. १९३१ ते १९३३ या काळात फ्रेंच बोलपटात तिच्याइतकी समज असलेली दुसरी नटी दाखवणं अवघड आहे. फक्त तो बोलपट वेगळा होता. त्यात आवाज होता, गाणी होती, दारं आपटत होती, गर्दी ओरडत होती. संवाद मात्र बेताचे होते. पुढे संवादांनी सगळी जागा व्यापली आणि तिला कोपऱ्यात सरकावं लागलं.

तिचं खरं नाव सुझान जॉर्जेत शार्पांतिए. जन्म १४ जुलै १९०७, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाचा दिवस. वडील प्रवासवर्णनांचं नियतकालिक चालवत. बालपण गेलं पॅरिसच्या पूर्वेला, मार्न नदीकाठच्या ला व्हारेन गावात. पडद्यावरचं नाव एडगर ॲलन पोच्या ‘ॲनाबेल ली’ या कवितेवरून घेतलेलं. दिग्दर्शक आबेल गाँसने ‘नेपोलियन’ (१९२७) मध्ये तिला व्हिओलीनची भूमिका दिली. नेपोलियनवर मनोमन प्रेम करणारी, आणि ते त्याला कधीही न सांगणारी मुलगी. पहिल्याच मोठ्या कामात तिला मिळालं ते न बोलण्याचं काम, तेही मूकपटात. पुढल्या वर्षी जाँ ग्रेमियोंच्या ‘माल्दोन’मध्येही ती दिसली. म्हणजे बोलपट आला तेव्हा ती अगदीच नवखी नव्हती, आणि मूकपटातली जुनी, स्थिरावलेली तारकाही नव्हती. हे तिच्या पथ्यावर पडलं. जुन्यांना आधीच्या सवयी मोडाव्या लागल्या. हिच्या सवयी अजून घट्टच झाल्या नव्हत्या.

१९२९-३० मध्ये स्टुडिओत नेमकं काय बदललं, हे पाहिल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. पहिली गोष्ट दिव्यांची. मूकपटाच्या काळातले कार्बनचे आर्क दिवे चरचरत, गुणगुणत. माइकला ते चालेना. त्यांच्या जागी टंगस्टनचे मोठे बल्ब आले. त्यांचा उजेड तांबूस-पिवळा, आणि जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तर तांबड्या रंगाला आंधळी. म्हणून सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाली. जुन्या फिल्मवर लाल ओठ काळेठिक्कर आणि निळे डोळे पांढुरके दिसत. नटींचा सगळा रंग त्या हिशेबाने चढवलेला असे. नव्या फिल्मवर तोच रंग मुखवट्यासारखा दिसायला लागला. रंग हलका झाला, कातडी कातडीसारखी दिसू लागली, आणि ज्यांचा चेहरा मुळातच बारीक बदल दाखवू शकत होता त्यांचा फायदा झाला. अनाबेला त्यांतली.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. त्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून त्याला आधी काचेच्या खोलीत आणि मग जाड पेटीत बसवलं. तो जड झाला, जागचा हलेना. तिसरी गोष्ट माइकची. तो कुंडीत, दिव्याच्या शेडमध्ये, टेबलाखाली लपवलेला असायचा, आणि नटाने त्याच्या टप्प्यात राहून बोलायचं. मान वळली की आवाज पडला. शिवाय ध्वनिमुद्रणाची धाव फार नव्हती. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची सळसळ ज्या वरच्या पट्टीत असते ती निम्मीशिम्मी गळून जाई, आणि बारीक, उंच आवाज त्यामुळे आणखी पातळ ऐकू येत. चौथी गोष्ट चौकटीची. फिल्मच्या कडेला सुमारे अडीच मिलिमीटरची ध्वनिपट्टी बसवायची म्हणून चित्राची एक बाजू छाटली गेली आणि चौकट जवळपास चौरस झाली: उंची १, तर रुंदी १.१९. हॉलिवूडच्या अकादमीने १९३२ मध्ये वरखालीही थोडं झाकून १.३७ चं प्रमाण ठरवलं, तोवर ही चौकोनी खिडकी चालली. दोन माणसं शेजारी-शेजारी बसवून गप्पा मारायला ती अडचणीची; एका चेहऱ्याला मात्र अगदी मापाची.

पाचवी गोष्ट वरकरणी किरकोळ वाटते, पण या काळाच्या प्रिंट पाहताना सतत आडवी येते. प्रोजेक्टरमध्ये ध्वनी वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या खाली असतो, म्हणून फिल्मवर ध्वनी आपल्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने हे अंतर पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. फिल्म तुटली आणि ऑपरेटरने चार-सहा चौकटी कापून जोड मारला, की आधी चित्र उडी मारतं आणि पाऊण सेकंदाने, भलत्याच ठिकाणी, शब्द गळतो. एका जोडाने दोन जखमा होतात. संवादांनी भरलेला चित्रपट गावोगाव फिरून आला की त्याची अशी चाळण होते. जिथे नटी खिडकीत उभी आहे आणि मागे वाद्यवृंद वाजतोय, तिथे तोच जोड कुणाच्या लक्षातही येत नाही.

या नव्या व्यवस्थेत अनाबेला शिरली ती परभाषेच्या दारातून. ‘बार्कारोल दामूर’ (१९३०) ही कार्ल फ्रोलिशच्या जर्मन चित्रपटाची फ्रेंच आवृत्ती; ‘ओतूर द्युन आंकेत’ (१९३१) ही रॉबर्ट सिओदमाकच्या. तेव्हा डबिंग धड होत नव्हतं. दोन ध्वनी नंतर एकत्र करायचे म्हणजे पुन्हा मुद्रण, आणि दर पुनर्मुद्रणात खरखर वाढलेली. मग बाजारपेठ टिकवायची कशी? एकच चित्रपट दोन, तीन, कधी त्याहून जास्त भाषांत पुन्हा पुन्हा चित्रित करायचा. हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीने तर पॅरिसजवळ जॉइंव्हिलला त्याचा कारखानाच काढला होता.

पद्धत अशी. सेट एक, दिवे एकाच जागी, कपडे शक्यतो तेच. जर्मन मंडळी शॉट देऊन बाजूला होतात. फ्रेंच मंडळी जमिनीवरच्या त्याच खडूच्या खुणांवर येऊन उभी राहतात. गर्दी, रस्ते, गाड्या, दुरून दिसणारी माणसं हे सगळं एकदाच घ्यायचं आणि सगळ्या आवृत्त्यांत वापरायचं. सेट आणि मजुरीचा मोठा खर्च पहिल्याच आवृत्तीने उचललेला असतो, त्यामुळे दुसरी स्वस्तात पडते. बिघडतं ते इथेच. माइक आणि दिवे पहिल्या नटीच्या उंचीला आणि चालीला लावलेले असतात. दुसरीने तिच्या पावलावर पाऊल टाकायचं. तिला सुचलेली एखादी वेगळी हालचाल म्हणजे दिव्याबाहेर जाणं आणि माइकच्या टप्प्याबाहेर पडणं. म्हणून या दुसऱ्या आवृत्त्या बहुधा कवायतीसारख्या वाटतात. आपल्याकडे प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी आणि हिंदीत काढला, तेव्हा दुर्गा खोटे दोन्हींत होत्या. नट तेच, भाषा दोन. युरोपात भाषा बदलली की बहुधा नटही बदलत, आणि तिथे दुसऱ्या फळीत काम करणं ही एक वेगळी नोकरीच होऊन बसली होती.

त्या नोकरीतून अनाबेलाला बाहेर काढलं दिग्दर्शक रने क्लेरने. मुंबईत ‘आलम आरा’ लागला त्याच वसंतात, १९३१ साली, पॅरिसमध्ये ‘ल मिलियों’ आला. क्लेर सुरुवातीला बोलपटाच्या विरोधातच होता. १९२९ मध्ये लंडनला जाऊन त्याने हॉलिवूडचे पहिले बोलपट पाहिले आणि त्यांतल्या एका जागेवर तो खूश झाला: ‘द ब्रॉडवे मेलडी’मध्ये खिडकीशी बेसी लव्हचा चेहरा दिसतो, आणि मोटारीचं दार लागल्याचा, मोटार निघून गेल्याचा फक्त आवाज येतो. मोटार दाखवलेलीच नाही. जे दिसतंय तेच ऐकवायचं नाही, जे ऐकू येतंय ते दाखवायचं नाही, हे सूत्र त्याने तिथून उचललं. यासाठी नटी कशी हवी? जिच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कशाचा तरी आवाज ठेवता येईल अशी.

‘ल मिलियों’ची गोष्ट एका कोटाची. कर्जात बुडालेल्या मिशेलला (रने लफेव्र) लॉटरी लागते. तिकीट आहे जुन्या कोटाच्या खिशात, आणि कोट त्याची वाग्दत्ता बेआत्रीस, म्हणजे अनाबेला, हिने पोलिसांपासून पळणाऱ्या एका चोराला देऊन टाकलाय. कोट हातोहात फिरत ऑपेरातल्या गायकाकडे पोचतो. शेवटी त्या कोटासाठी जी ओढाताण होते, तिच्यावर क्लेरने रग्बीच्या सामन्यातला प्रेक्षकांचा गोंगाट आणि शिट्टी घातली. एवढं एकच सांगितलं तरी त्याची पद्धत ध्यानात यावी.

पण बघायचा तो ऑपेराचा प्रवेश. रंगमंचावर जाडजूड गायक-गायिका प्रेमगीत गातायत. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. नेपथ्याच्या मागे मिशेल आणि बेआत्रीस अडकलेत. पडदा वर गेलाय, आता बाहेर पडता येत नाही, हूं की चूं करता येत नाही. बेआत्रीस त्याच्यावर रागावलेली आहे. पुढे गाणारे म्हणतात, आपण दोघेच आहोत. मागचे दोघे ऐकतात. गाण्यातली प्रेयसी रुसते, तशी ही पाठ फिरवते. गाणं क्षमा मागतं, आणि मिशेल नुसता तिच्याकडे बघतो. मग वरून रंगमंच-कामगार कागदी पाकळ्या सोडतो. त्या गाणाऱ्यांवर पडायच्या असतात. पडतात या दोघांवरही.

या सगळ्या वेळात अनाबेला एक शब्द बोलत नाही. तिचं काम काय, तर दुसऱ्याच्या तोंडची बेगडी ओळ ऐकायची आणि ती स्वतःला लागू पडतेय हे हळूहळू ओळखायचं. थोडं जास्त केलं असतं तर प्रवेशाची थट्टा झाली असती, कारण पुढे थट्टा चालूच आहे. थोडं कमी केलं असतं तर प्रेक्षक गायकांकडेच बघत राहिले असते. तिने केलंय असं: मान वळवताना डोळे मान पोचण्याआधीच पोचतात. एवढंच. राग मानेत आहे आणि माघार डोळ्यांत. मूकपटात हे करायला तिला मध्ये मजकुराची पाटी लागली असती. संवादपटात बेआत्रीसला ‘जा, माफ केलं’ म्हणावं लागलं असतं. इथे ती ज्या फटीत उभी आहे ती फट साधारण तीन वर्षंच उघडी होती.

या प्रवेशाचं निम्मं श्रेय लाझार मेरसनच्या नेपथ्याला आणि जॉर्ज पेरिनालच्या छायालेखनाला जातं. एपिनेच्या टोबिस स्टुडिओत मेरसनने नट आणि मागचं रंगवलेलं दृश्य यांच्यामध्ये झिरझिरीत जाळीचा पडदा लावला. मागचं सगळं फिकट, धुक्यात गेल्यासारखं. पुढचं माणूस स्वच्छ, उठून दिसणारं. चौकोनी चौकट आणि हा फिका पडदा मिळून चेहऱ्याला जी जागा देतात ती पुढच्या फ्रेंच चित्रपटात क्वचितच सापडेल. आणि जिथे संवाद मुद्रित करायचा नाही, तिथे कॅमेरा पेटीतून बाहेर काढून हवा तसा फिरवता येतो, हा आणखी एक फायदा. कमी बोलण्याला त्या काळी असं रोकडं मोल होतं.

त्याहून पुढचं टोक म्हणजे हंगेरियन दिग्दर्शक पाल फेयोशचा ‘मारी, लेजांद ओंग्रुआज’ (मारी, एक हंगेरियन दंतकथा; १९३२). हंगेरीत चित्रित झालेला, फ्रान्सच्या ओसो कंपनीचा पैसा, आणि हंगेरियनसह अनेक आवृत्त्या. अनाबेलाला हंगेरियन येत नव्हतं. फेयोशने अडचण मुळातच उपटली: संवाद जवळपास काढूनच टाकले. मारी ही मोलकरीण. तिला एक जण फसवतो, मालकीण हाकलून देते, गावात थारा मिळत नाही, पोर होतं, आणि सरकारी माणसं ते पोरही घेऊन जातात. ती मरते. स्वर्गात गेल्यावरही तिच्या नशिबी फरशी पुसणंच, फक्त तिथल्या स्वयंपाकघरात भांडी लखलखीत. एके दिवशी तिला वरून आपली मुलगी दिसते, तशाच एका पुरुषाच्या मिठीकडे निघालेली. ती हातातली बादली पालथी करते. खाली पाऊस येतो आणि दोघं दोन दिशांना पळतात.

गोष्ट वाचायला भाबडी वाटते. पडद्यावर ती टिकते ती अनाबेलाच्या चालण्यामुळे. दारोदार फिरताना तिची पाठ वाकते कशी, हे बघावं. एका दाराशी नकार मिळाला की ती दुसऱ्याकडे त्याच वेगाने जात नाही. प्रत्येक वेळी थोडी हळू, पण थांबत कुठेच नाही. तासाभराच्या आसपासचा हा चित्रपट तिचं सगळ्यांत मोठं काम आहे असं माझं मत. फ्रेंच समीक्षेत त्याला त्या मानाने जागा मिळत नाही, कदाचित तो पुरता फ्रेंच नाही म्हणून, आणि हंगेरियनांच्या हिशेबी नटी परकी.

क्लेरचा ‘कातोर्झ ज्युइये’, म्हणजे ‘१४ जुलै’, १९३३ च्या जानेवारीत आला. १४ जुलैच्या आदल्या रात्रीचा मोहल्ला, फुलं विकणारी आना, टॅक्सीवाला जाँ, नाच, पाऊस, भांडण. मेरसनने पायऱ्यांची गल्ली उभारली, संगीत मोरिस जोबेरचं; त्यातली वॉल्ट्झ नाचाची धून पुढे घराघरांत गेली. चित्रपट ‘ल मिलियों’इतका चपळ नाही. मधला भाग रेंगाळतो. पण आईच्या मृत्यूनंतर फुलांच्या टोपलीवरून कॅफेत नोकरीला लागलेली आना तीच आहे आणि तीच नाही, हे अनाबेलाने अंगाने दाखवलंय. टोपली होती तेव्हा हात भरलेले असायचे. आता ट्रे खाली ठेवला की हातांचं काय करायचं ते तिला कळत नाही.

यानंतर वेषांतरांची रांग लागली. १९३४ च्या ‘ला बाताय’मध्ये ती जपानी सरदाराची बायको, समोर शार्ल ब्वाये. याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. तिच्यात ब्वाये तोच, पण बायको मर्ल ओबेरॉन. मर्ल मूळची मुंबईची, १९११ साली तिथेच जन्मलेली, आणि आयुष्यभर आपण टास्मानियात जन्मलो असं सांगत राहिलेली. एक मार्नकाठची, एक मुंबईची, दोघींचे डोळे रंगरंगोटीने ओढून ताणून एकच जपानी स्त्री बनवलेली. आज ते बघवत नाही, आणि दोघींचीही त्यात चूक नाही. त्याच वर्षी हॉलिवूडच्या फॉक्स कंपनीच्या ‘कॅरव्हॅन’मध्ये इंग्रजीत लोरेटा यंग आणि फ्रेंचमध्ये अनाबेला, ब्वाये पुन्हा दोन्हीकडे. द्युविविएच्या ‘ला बान्देरा’त (१९३५) ती मोरोक्कोची, चेहऱ्यावर गोंदणाच्या खुणा, समोर जाँ गाबँ. आवाज आल्यावर नटीचं मूळ गाव लपणार नाही, असं तर्काने वाटतं. तिला मात्र चेहऱ्याच्या हिशेबावरच जगभर फिरवलं.

‘वेय दार्म’ (१९३५) हा मार्सेल लेर्बिएचा आरमारी चित्रपट. यासाठी तिला १९३६ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात उत्तम अभिनेत्रीचा वोल्पी करंडक मिळाला. नवऱ्याला वाचवायचं तर कोर्टात आपली बदनामी कबूल करावी लागणार, अशी बायको. साक्षीचा प्रवेश ती चोख करते. बाकी चित्रपट गणवेशांचा आहे. बक्षिसं अशीच मिळतात. ‘मारी’ला द्यायला हवं होतं.

१९३७ मध्ये इंग्लंडमध्ये ‘विंग्ज ऑफ द मॉर्निंग’. टेक्निकलर या तीन पट्ट्यांच्या रंगीत पद्धतीचा ब्रिटनमधला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, समोर हेन्री फोंडा. या कॅमेऱ्यात एका वेळी तीन निगेटिव्ह धावत. उजेड तिघींत वाटला जाई, म्हणून दिवे कितीतरी पटींनी वाढवावे लागत. मेरसनच्या जाळीमागच्या फिकट उजेडात ज्या चेहऱ्याने काम केलं, त्याच्यावर आता भट्टीसारखा प्रकाश. ती त्यात टवटवीत दिसते. बारकावे दिसत नाहीत.

दरम्यान पॅरिसमध्ये चित्रपट बोलायला शिकला होता. माइक लांब दांडीवर टांगला जाऊन नटांबरोबर फिरू लागला, मुद्रण सुधारलं, ध्वनी नंतर मिसळता येऊ लागले. मार्सेल पान्योलच्या ‘मारियुस’ने (१९३१) दाखवून दिलं होतं की मार्सेयचा हेल हीच तिकीटबारी होऊ शकते; त्यातली नायिका ओरान द्माझीस तिथे चेहऱ्यापेक्षा उच्चाराने लक्षात राहते. मग संवादलेखक हा स्वतंत्र मानकरी झाला, पटकथालेखकापासून वेगळा, नामावळीत वेगळ्या पाटीवर. प्रेव्हेर, स्पाक, जाँसों. लोक त्यांची वाक्यं ऐकायला जाऊ लागले.

‘ओतेल द्यू नोर’चे संवाद या आंरी जाँसोंचे. मूळ कादंबरी उजेन दाबीची. अलेक्झांद्र त्राउनेरने बियांकूरला साँ मार्तां कालवा, पूल आणि हॉटेलचा दर्शनी भाग पुन्हा बांधला. खरा कालवा पॅरिसमध्ये होताच, पण तिथला उजेड आणि गोंगाट कुणाच्या ताब्यात राहणार? गोष्टीत दोन जोडपी. रने आणि पिएर (अनाबेला आणि जाँ-पिएर ओमों) मरायला म्हणून हॉटेलात खोली घेतात. तो तिच्यावर गोळी झाडतो, स्वतःवर झाडायचं धैर्य होत नाही, पळतो. ती वाचते. शेजारच्या खोलीत एदमों आणि रेमोंद, जुवे आणि आर्लेत्ती, चोर आणि वेश्या. जाँसोंला त्या गोऱ्यागोमट्या प्रेमिकांत काडीचा रस नव्हता, आणि त्याने ते लपवलंही नाही. धारदार वाक्यं सगळी शेजारच्या खोलीत गेली.

पुलावरच्या भांडणात रेमोंद एदमोंला, जा एकटाच मासे पकडायला, असं सुनावते, आणि गाव घेते ला व्हारेन. अनाबेलाचंच गाव. हा निव्वळ योगायोग असेल, पण त्या वेळी तिच्या गावाचं नावसुद्धा आर्लेत्तीच्या तोंडून गाजलं, हे खरं.

तरीही चित्रपट पुन्हा पाहताना एक दिसतं. रनेला जी वाक्यं दिलीत ती कुणीही बोललं असतं तरी पडलीच असती. मरणाविषयी, पवित्र प्रेमाविषयी, शाळकरी वहीतली. ती गप्प असते तिथे बरोबर असते. इस्पितळातून परत येऊन ती त्याच हॉटेलात मोलकरीण होते, गिऱ्हाइकं तिला बघायला गर्दी करतात, आणि ती पेले मांडत राहते. तिथे ‘मारी’ पुन्हा डोकावते. आणि शेवटचा भाग १४ जुलैचा: रस्त्यावर नाच, संगीत पुन्हा जोबेरचंच, आणि एदमोंला मारणारी गोळी पोरांच्या फटाक्यांच्या आवाजात विरून जाते. एक आवाज दुसऱ्याखाली दडवायचा, ही युक्ती क्लेरच्या शाळेतली. पाच वर्षांपूर्वी याच सणावर याच संगीतकाराबरोबर अनाबेला नाचली होती.

हॉलिवूडमध्ये ‘सुएझ’च्या (१९३८) सेटवर तिची टायरोन पॉवरशी ओळख झाली, एप्रिल १९३९ मध्ये लग्न, १९४८ मध्ये घटस्फोट. १९३९ नंतर थेट १९४३ पर्यंत पडद्यावर काम नाही. मग युद्धावरचे दोन चित्रपट, आणि १९४७ मध्ये जेम्स कॅग्नीबरोबर ‘१३ रू मादलेन’. तिला संवाद झेपत नव्हते, असं म्हणणाऱ्यांनी याच काळातला रंगमंच बघावा. १९४४ मध्ये एलिया कझानच्या दिग्दर्शनाखाली ‘जाकोबोव्स्की अँड द कर्नल’, आणि १९४६ मध्ये जॉन ह्यूस्टनने ब्रॉडवेवर आणलेलं सार्त्रचं ‘नो एग्झिट’. एका बंद खोलीत तीन माणसं, शब्दांशिवाय दुसरं हत्यार नाही, भाषा परकी. आणि तिच्याकडे इनेझची भूमिका, तिघांत सगळ्यांत जहाल जिभेची. लिहिणाऱ्याने जीभ दिली की ती चालवत होती. युद्धानंतर फ्रान्सला परतून तिने दोन-तीन चित्रपट केले, स्पेनमध्ये एक, आणि १९५० च्या आसपास पडदा सोडला. १८ सप्टेंबर १९९६ रोजी पॅरिसजवळ नइयीला ती वारली.

तिला बघायचं असेल तर ‘ओतेल द्यू नोर’पासून सुरुवात करू नये. आधी ‘ल मिलियों’, लगेच ‘मारी’, मग ‘कातोर्झ ज्युइये’. प्रत निवडताना चौकट तपासावी: पात्रांच्या टाळूला वरची कड लागत असेल किंवा पायाची बोटं कापली जात असतील, तर चौरस चित्र नंतरच्या आडव्या मापात कोंबलंय असं समजावं आणि दुसरी प्रत शोधावी. जवळचे चेहरे त्यात सगळ्यांत आधी मार खातात. ‘मारी’ची उपशीर्षकं नसली तरी बिघडत नाही. ‘नेपोलियन’ बघायचा तर लांबलचक जीर्णोद्धारित आवृत्तीच घ्यावी. आखूड केलेल्या प्रतींत पहिली कात्री लागते ती व्हिओलीनच्या प्रवेशांना, कारण ते काढले तरी युद्धाचं काही अडत नाही.